शटरची स्प्रिंग, मिस्त्रीची मजुरी आणि आमची काटकसर

सकाळी बिस्मिल्ला म्हणून आपण दुकानाचे कुलूप काढतो, वाकून शटरची कडी धरतो आणि शटर वर ढकलतो. ते घरघरत वर जाते आणि दिवसाची तिजारत सुरू होते. रात्री तेच शटर खाली ओढून, कुलूप लावून, आयतुल कुर्सी पढून आपण घरी जातो. दुकानात माल किती, उधारी किती, जकात किती निघते याचा हिशेब आपल्याजवळ असतो. पण ज्या शटरच्या भरवशावर हा सारा माल रात्रभर पडून राहतो, त्याच्या वरच्या पेटीत काय आहे आणि ते शेवटचे कधी पाहिले, असे कोणी विचारले तर बहुतेक दुकानदार गप्प बसतील. काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्हीही गप्पच बसलो असतो.

कापडाच्या व्यापाऱ्याने शटरवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु हा विषय लोखंडाचा असला तरी प्रश्न व्यवहाराचा आहे. शटरची एक स्प्रिंग तुटते तेव्हा दुकानदार आणि कारागीर यांच्यातला विश्वास किती मजबूत आहे, तेही कळून येते. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, शटरच्या दुरुस्तीत दुकानदाराने केलेली काटकसर आणि कारागिराने केलेली ढिलाई या दोन्ही गोष्टी तिसऱ्याच्या जिवावर बेततात. आणि हा तिसरा माणूस बहुधा सर्वांत गरीब असतो.

पेटीच्या आत काय असते

आमचे शहागड म्हणजे गोदावरीच्या काठावरचे, अंबड तालुक्यातले बाजारपेठेचे गाव. पूल ओलांडला की पलीकडे बीड जिल्हा आणि गेवराईचा रस्ता. धुळे-सोलापूर महामार्ग इथूनच जातो. त्याला पूर्वी २११ क्रमांक होता, आता ५२ आहे. रात्रंदिवस वाहने, उसाच्या हंगामात ट्रॅक्टर आणि ट्रक, त्यांची धूळ; पावसाळ्यात नदीकाठची ओल. ही धूळ आणि ही ओल दोन्ही शटरच्या पेटीत जाऊन बसतात. वर चिमण्या घरटे करतात ते वेगळेच.

त्या पेटीत एक आडवा लोखंडी पाईप असतो. तो दोन्ही बाजूंच्या ब्रॅकेटवर घट्ट बसवलेला असतो. पाईपावर पुल्या आणि स्प्रिंगा असतात. स्प्रिंगेचे एक टोक पाईपाला आणि दुसरे पुलीला अडकवलेले असते, आणि पुल्यांना शटरच्या पट्ट्या जोडलेल्या असतात. आपण शटर खाली ओढतो तेव्हा पुल्या फिरतात आणि स्प्रिंगेला पीळ बसतो. वर ढकलतो तेव्हा हाच पीळ सुटतो आणि आपल्या हाताला मदत करतो. म्हणजे शटर आपण उचलत नाही. ते स्प्रिंग उचलते, आपण फक्त हात लावतो.

किती वजन उचलते याचा अंदाज घ्या. आठ फूट बाय आठ फुटांचे शटर, १८ गेजचा म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचा पत्रा. नुसता सपाट पत्रा धरला तरी वजन साठ किलोच्या जवळ जाते. पट्ट्यांना वळणे असतात, खाली जाड पट्टी असते, कड्या-कुलपे असतात. ते सर्व धरले तर त्याहून बरेच जास्त. एवढे वजन सकाळी एका हाताने वर जाते, कारण वर पिळलेल्या तारेत ताकद भरून ठेवलेली असते. पण भरून ठेवलेली ताकद सुटली की ती समोर कोण आहे हे पाहत नाही.

आपल्या जालन्यात लोखंडाचे मोठे कारखाने आहेत आणि इथली सळई दूरदूर जाते. म्हणून आपल्या भागात एक समज आहे की लोखंड ते लोखंड, जोडले की झाले. हे खरे नाही. बांधकामाची सळई वेगळी आणि स्प्रिंगेची तार वेगळी. स्प्रिंगेच्या तारेत कार्बनचे प्रमाण जास्त असते आणि ती खास पद्धतीने ओढून कडक केलेली असते. तिच्यासाठी भारतीय मानक ४४५४ आहे. शटरसाठीही ६२४८ क्रमांकाचे वेगळे मानक आहे. सरकारी इमारतींच्या कामात शटरच्या पट्टीची जाडी किती आणि स्प्रिंगेची तार कोणत्या मानकाची हे निविदेत लिहिलेले असते. आपण मात्र शटर घेताना फक्त दोन गोष्टी विचारतो: रंग कोणता आणि भाव किती.

तुटलेल्या स्प्रिंगेला वेल्डिंग केले तर त्या जागी तारेचा कडकपणा जातो. वेल्डिंगचा टाका दिसायला मजबूत दिसतो, पण त्याच्या शेजारीच तार पुन्हा तुटते. कधी आठ दिवसांत, कधी आठ महिन्यांत. म्हणून तुटलेली स्प्रिंग जोडायची नसते, बदलायची असते.

आमच्या हातून घडलेली चूक

आता आम्ही आमचीच गोष्ट सांगतो. सांगताना शरम वाटते, पण लपवली तर या लेखाला अर्थ राहणार नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. दुकान महिनोन् महिने बंद, म्हणजे शटर खाली. वर सांगितल्याप्रमाणे शटर खाली असते तेव्हा स्प्रिंगेला पूर्ण पीळ असतो. त्या पिळातच ती धूळ आणि ओल खात राहिली. दुकान उघडायची परवानगी मिळाल्यावर आम्ही शटरला हात लावला तर ते हालेना. दोघांनी मिळून रेटले तेव्हा आत टण्णकन आवाज झाला. तीन स्प्रिंगांपैकी एक तुटली होती.

मिस्त्रीला बोलावले. पाईप खाली घेऊन त्याने तिन्ही स्प्रिंगा दाखवल्या. म्हणाला, "सेठ, ही तुटली आहे, पण बाकीच्या दोघीही हिच्याच वयाच्या आहेत. गंज पाहा. तिन्ही बदलून घ्या. एक नवी आणि दोन जुन्या ठेवल्या तर वजन सारखे वाटले जाणार नाही." तीन स्प्रिंगा आणि मजुरी मिळून त्याने साडेतीन हजार सांगितले. तीन महिने गल्ल्यात एक रुपया आला नव्हता, हे खरे. पण आम्ही जे केले त्याला ती सबब पुरेशी नाही. आम्ही म्हणालो, "तुटली तेवढी बदल, बाकीचे ईदनंतर पाहू." चौदाशे रुपयांत काम झाले. त्यातलेही चारशे आम्ही महिनाभर थकवले. ती ईद गेली, दुसरी गेली, आणि आम्ही विसरून गेलो.

एप्रिल २०२२. रमजानचा शेवटचा अशरा. कापडवाल्यांच्या हंगामाचे हेच दिवस. मगरिबसाठी शटर अर्धे ओढून आम्ही मशिदीत गेलो. परत येईपर्यंत दुकानात कामाला असलेल्या मुलाने इफ्तार उरकली आणि गिऱ्हाईक दारात उभे आहे म्हणून तो शटर वर करू लागला. एक पाय आत, एक पाय उंबऱ्यावर. जुन्या दोघींपैकी एक तुटली. उरलेल्यांना वजन पेलले नाही आणि शटर सरळ त्याच्या पायावर आले. पायाची दोन हाडे मोडली. वय वर्षे १९, घरात कमावणारा तोच.

दवाखान्यातून आलो तेव्हा तरावीह संपत होती. मशिदीच्या अंगणात मिस्त्री दिसला आणि आमचा तोल गेला. चारचौघांत आम्ही त्याला म्हणालो की तुझ्या कच्च्या कामामुळे मुलाचा पाय गेला. तो वाद घालत बसला नाही. एवढेच म्हणाला, "सेठ, मी तीन सांगितल्या होत्या. तुमच्या वहीत चिठ्ठी असेल, बघा."

रात्री वही काढली. २०२० च्या खर्चाच्या पानात चिठ्ठी खरेच होती. त्यावर उर्दूत त्याच्या हाताने लिहिले होते की एक स्प्रिंग बदलली, दोन जुन्या मालकाच्या सांगण्यावरून तशाच ठेवल्या, त्या बदलणे जरूर आहे. चौदाशेचा हिशेब लिहिताना आम्ही ती चिठ्ठी वाचली असणार आणि तरीही पान उलटले असणार. दुसऱ्या दिवशी त्याच अंगणात, त्याच लोकांसमोर आम्ही मिस्त्रीची माफी मागितली. त्याने माफ केले. मुलाचा दवाखाना आणि दोन महिन्यांचा पगार आम्ही दिला, पण ते देणे होते, उपकार नव्हे. पावसाळ्यात त्याचा पाय अजूनही दुखतो. त्याने कधी शब्द काढला नाही, म्हणून आम्हाला जास्त बोचते.

एकवीसशे रुपये वाचवले होते. किती खर्च झाले ते वाचकांनी स्वतःच समजून घ्यावे.

तवक्कुल आणि तपासणी

असे प्रसंग घडले की आपण म्हणतो, अल्लाहची मर्जी. मर्जी त्याचीच असते, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण उंट बांधून मग तवक्कुल करण्याची जी शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो, ती केवळ उंटापुरती नाही. शटरही बांधावे लागते. जुनी स्प्रिंग वर ठेवून आयतुल कुर्सी पढणे म्हणजे उंट मोकळा सोडणे होय.

तपासायला फार विद्या लागत नाही. शटर पूर्वीपेक्षा जड लागते का? वर जाताना एका बाजूला कलते का? छातीइतक्या उंचीवर आणून, हात न सोडता फक्त जोर कमी केला तर ते जागेवर थांबते, की खाली येऊ पाहते, की आपोआप वर पळते? चांगल्या शटरचे वजन आणि स्प्रिंगेची ताकद यांचा मेळ असतो, म्हणून ते साधारण जागीच राहते. खाली येत असेल तर स्प्रिंग थकली किंवा तुटली आहे. उसळून वर जात असेल तर पीळ जास्त भरला आहे, आणि तेही वाईट. पाहताना पाय शटरच्या रेषेबाहेर ठेवावेत, कडी धरावी, आणि दोन पट्ट्यांच्या फटीत बोटे कधीच घालू नयेत.

बाजूच्या खाचेतली धूळ फडक्याने पुसावी आणि हलके तेल लावावे. घट्ट ग्रीस तिथे थापू नये. आपल्या महामार्गाची धूळ त्यात चिकटते आणि लापशी होते. एवढे काम दुकानदाराने स्वतः करावे. पण पेटी उघडणे, ब्रॅकेटचा बोल्ट सैल करणे, पाईप फिरवणे ही कामे स्वतः करू नयेत. स्प्रिंग भरताना मिस्त्री मोठ्या पान्याने पाईपाला एकेक घेर देतो. पाना निसटला तर पाईप उलटा फिरतो आणि पान्याचा दांडा हातावर किंवा तोंडावर बसतो. जाणत्या मिस्त्रीलाही हे भय असते. मोबाईलवर कोणाचा व्हिडिओ पाहून घरच्या पोराने हे करायला जाणे म्हणजे पन्नास रुपयांसाठी विहिरीत उडी मारण्यासारखे आहे.

हा प्रश्न फक्त दुकानाचा नाही. आता आपल्या गावांत खाली गाळा आणि वर घर अशी बांधकामे सर्रास होतात. गाळ्यात मोटारसायकल, कुठे जीप, कुठे ट्रॅक्टर आणि खताची पोती. शटर घराचाच दरवाजा झाले आहे. मुले कडीला लोंबकळून झोके घेतात, घरच्या बाया अर्धे शटर उघडून खालून ये-जा करतात. बंदच्या दिवशी दुकानदार शटर गुडघ्याइतके उघडे ठेवून आत बसतात. थकलेल्या स्प्रिंगेसाठी अर्धे शटर हीच सर्वांत धोक्याची जागा आहे, कारण तिथे वजन पूर्णपणे तिच्यावर असते.

अमेरिकेत घरोघरी मोटारीसाठी गॅरेज असते आणि त्याच्या दरवाजालाही वर अशीच पिळाची स्प्रिंग असते. तिथे साध्या स्प्रिंगेचे आयुष्य वर्षांत नव्हे तर फेऱ्यांत मोजतात. एकदा उघडून बंद केले की एक फेरी, आणि साधारण दहा हजार फेऱ्या हा नेहमीचा हिशेब. हा हिशेब आपल्याकडे लावून पाहा. घरचे शटर दिवसातून दोनदा उघडले तर दहा हजार फेऱ्यांना साडेतेरा वर्षे लागतील. पण दुकानाचे? सकाळी एकदा, जोहरला, असरला, मगरिबला. दिवसाला चार फेऱ्या आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर आठ-सव्वाआठ वर्षांतच तेवढ्या फेऱ्या भरतात. आपल्या बाजारातल्या स्प्रिंगेवर असा आकडा लिहिलेला आम्ही पाहिला नाही, त्यामुळे तिचे आयुष्य त्याहून जास्त धरायला काही आधार नाही. आणि आपल्यापैकी कितीतरी दुकानांची शटरे वडिलांच्या काळातली आहेत!

त्याच देशात गॅरेजच्या मोटरवर चालणाऱ्या दरवाजाखाली मुले सापडून मेली, तेव्हा सरकारला कायदा करावा लागला. १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या मोटरमध्ये, खाली काही अडकले तर दरवाजा उलटा वर जाईल, अशी सोय सक्तीची झाली. आपल्याकडेही आता बटणाची शटरे येऊ लागली आहेत. घेणाऱ्याने ही सोय आहे का ते आधी विचारावे. आणि हेही लक्षात ठेवावे की जुन्या स्प्रिंगेवर मोटर बसवली म्हणजे स्प्रिंगेची गरज संपत नाही. थकलेल्या स्प्रिंगेचा भार मोटरवर येतो आणि शेवटी दोन्ही जातात.

कारागीर बांधवांना दोन शब्द

आतापर्यंत आम्ही दुकानदारांना बोल लावले. पण कारागीर सगळे निर्दोष आहेत असे म्हटले तर ती खुशामत होईल. आमचा मिस्त्री चिठ्ठी लिहिणारा निघाला, हे आमचे नशीब. सगळेच तसे नसतात.

तुटलेल्या स्प्रिंगेचे टोक तापवून पुन्हा आकडा वळवणारे आहेत. भंगारातली स्प्रिंग रंगवून नवी म्हणून बसवणारे आहेत. १८ गेज सांगून २० गेजची पट्टी लावणारे आहेत. रंग दिल्यावर गिऱ्हाइकाला काय कळते! आणि सर्वांत जास्त चालणारी युक्ती म्हणजे थकलेल्या स्प्रिंगेला जादा घेर देऊन पीळ वाढवणे. मालक हात लावतो, शटर फुलासारखे वर जाते, मालक खूश होतो. पण थकल्या तारेवर जादा ताण आला, ती अधिक लवकर तुटणार. तोपर्यंत मिस्त्री पैसे घेऊन गेलेला असतो.

आम्ही कापडवाले या बाबतीत फार साळसूद आहोत असे नाही. हलके कापड भारी म्हणून विकणारे आणि मीटर ढिला धरणारे आमच्यातही आहेत. मापात कमी देणाऱ्यांबद्दल कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आली आहे, आणि माप फक्त तराजूचे नसते. पत्र्याची जाडी हेही माप आहे, तारेची जाडी हेही माप आहे.

लोखंडाचे काम हलके समजणाऱ्यांनी आणि ते हलकेपणाने करणाऱ्यांनीही सूरह सबा पाहावी. हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी लोखंड मऊ करण्यात आले आणि त्यांना चिलखते बनवताना कड्यांचे माप नीट राखण्याचा हुकूम झाला. एका पैगंबराला कड्यांच्या मापाबद्दल सांगितले जाते, यावरून लोहाराच्या कामाचा दर्जा काय आहे ते समजावे. चिलखत दुसऱ्याचा जीव राखण्यासाठी असते. शटरचेही तसेच आहे.

मजुरीची गोष्ट

मग कारागीर ढिलाई का करतो? बेइमानी हे एक कारण. पण आमच्या मते दुसरे कारण आपण आहोत. मोबाईलच्या दुकानात आपण छापील किंमत मुकाट्याने देतो. शहरातल्या मोठ्या शोरूममध्ये घासाघीस करायला आपल्याला लाज वाटते. पण शिडीवर चढून, डोक्यावर मणाचा पाईप घेऊन काम करणाऱ्या आपल्याच मोहल्ल्यातल्या माणसाशी आपण शंभर रुपयांसाठी अर्धा तास भांडतो, आणि ठरलेले पैसेही हप्त्याने देतो. मजुराच्या घामाबद्दल आणि त्याच्या मजुरीबद्दलची हदीस प्रत्येकाला तोंडपाठ आहे. ती आपण जलशात ऐकतो, माना डोलावतो, आणि घरी येऊन मिस्त्रीला म्हणतो, "पुढच्या जुम्म्याला ये."

ज्या मिस्त्रीला खरी स्प्रिंग घालून मजुरी सुटत नाही, तो एक तर खोटी स्प्रिंग घालतो किंवा धंदा सोडून पुण्याला जातो. दोन्ही बाबतींत नुकसान आपलेच होते. शहागडसारख्या गावात पाईप नीट भरणारे हात मोजकेच असतात. हे कसब पुस्तकातून येत नाही. आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आणि फिटरचा दोन वर्षांचा आहे, आणि आमच्या मुलांनी तो जरूर करावा. पण कोणत्या वजनाला किती घेर हे शेवटी उस्तादाच्या हाताखालीच समजते. उस्तादाला दोन वेळची इज्जतीची रोजी मिळाली नाही तर शागीर्द कोण होणार?

काय करता येईल

नुसते दुःख सांगून उपयोग नाही. आमच्या बाजारपेठेत आम्ही काही गोष्टी सुरू करण्याचा प्रयत्न करीत आहोत. इतर गावांतल्या बांधवांनीही विचार करावा.

पहिली गोष्ट, वर्षातून दोनदा तपासणी. एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा शाबानमध्ये, म्हणजे रमजानची गर्दी सुरू होण्याआधी. एका ओळीतल्या आठ-दहा दुकानांनी मिळून एकच दिवस ठरवला तर मिस्त्रीला दिवसभराचे काम मिळते आणि प्रत्येकाला खर्च कमी येतो.

दुसरी, एक स्प्रिंग तुटली आणि बाकीच्या तिच्याच वयाच्या असल्या तर सर्व बदलाव्यात. पैसे नसतील तर शटर तात्पुरते दोन माणसांनीच उघडावे, एकट्या मुलाला उघडू देऊ नये, आणि महिन्याभरात काम पुरे करावे.

तिसरी, चिठ्ठी. काय बदलले, काय जुने ठेवले, पट्टीचे गेज किती, तारीख कोणती, हे दोन ओळींत लिहावे आणि दोघांनी सही करावी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराहमध्ये आहे. दुरुस्तीचा व्यवहार लिहिल्याने कोणाचेही नुकसान होणार नाही. आमची अब्रू गेली ती चिठ्ठी न वाचल्यामुळे, आणि मिस्त्रीची अब्रू राहिली ती चिठ्ठी लिहिल्यामुळे.

चौथी, मजुरी कामाच्या दिवशीच द्यावी. भाव आधी ठरवावा, पण ठरल्यावर तोडू नये.

पाचवी, मिस्त्रीने एकट्याने पाईप काढू नये. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे आणि मदतीला एक माणूस असावा. या माणसाची मजुरी हिशेबात दिसली म्हणून मालकाने कपाळाला आठ्या घालू नयेत.

सहावी, अपघात झाल्यावर मशिदीत चंदा करण्याची वेळ येण्याआधी काही सोय पाहावी. सरकारच्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाखांचे आणि अंशतः कायमच्या अपंगत्वास एक लाखाचे संरक्षण आहे. विम्याबद्दल ज्यांना शरई शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. ज्यांना ही वाट नको असेल त्यांनी बाजारपेठेचा स्वतःचा मदत निधी उभारावा. पण दोन्हीपैकी काहीच न करणे हा पर्याय नव्हे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शटरचे काम नावाने नाही, पण लोहार आणि कुलूप बनवणारे आहेत. प्रशिक्षणाच्या दिवसांना ५०० रुपये रोज आणि अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत अशी तिची तरतूद आहे. आपले जे कारागीर या व्यवसायांत बसतात त्यांनी चौकशी करायला संकोचू नये.

या सहा गोष्टींत कोणतीही अवघड नाही. अवघड आहे ती आपली सवय. वाजते तोपर्यंत वाजू द्यायचे, चालते तोपर्यंत चालू द्यायचे, आणि तुटले की कारागिराच्या नावाने खडे फोडायचे. या सवयीने आमच्या दुकानात एका मुलाचा पाय मोडला. दुसऱ्याच्या दुकानात हे घडू नये, एवढ्यासाठीच आम्ही स्वतःचे उणे चव्हाट्यावर मांडले.

वाचक बंधूंनो, हा अंक हातात आहे तोवरच उठा आणि आपल्या शटरला हात लावून पाहा. जड लागले तर आजच मिस्त्रीला निरोप धाडा. तो जे सांगेल ते नीट ऐका, आणि काम झाल्यावर त्याचे पैसे त्याच्या हातात ठेवूनच त्याला निरोप द्या. अल्लाह आपल्या तिजारतीत बरकत देवो आणि आपल्या काटकसरीमुळे दुसऱ्याला इजा होण्यापासून आपणा सर्वांना राखो. आमीन.